म्युनिकमध्ये अडलेली आनमेल्डुंग

जर्मनीत नव्या घरी राहायला गेल्यावर 2 आठवड्यांत पत्त्याची नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग, करावी लागते. पासपोर्ट आणि भाडेकरार घेऊन मी ऐटीत कार्यालयात गेलो. बाईंनी करार बाजूला सारला. नोव्हेंबर 2015 पासून घर देणाऱ्याच्या सहीचा वेगळा कागद लागतो म्हणे. घरमालक परगावी, ईमेलला उत्तर नाही.

आठवडाभर हेलपाटे घातल्यावर कळलं, की ‘घर देणारा’ मालकच असला पाहिजे असं नाही. ज्याने मला त्याच्या बिऱ्हाडातली खोली पोटभाड्याने दिली, त्या मूळ भाडेकरूची सही चालते. तो तर रोज माझ्यासमोर कॉफी पीत होता. काखेत कळसा नि गावाला वळसा! दोन मिनिटांत सही झाली.

टपालपेटीवर स्वतःचं नाव मात्र लगेच चिकटवा. 11 अंकी कर क्रमांक टपालाने येतो. तो कंपनीला दिला नाही तर पगारातून सहाव्या वर्गाचा कर कापतात, आणि तो सगळ्यात जड.

आईने फोनवर विचारलं, “म्हणजे आता तू जर्मन झालास?” नाही गं, नोंदणी फक्त पत्त्याची. नागरिकत्व भारताचंच, आणि लोकसभेला मत द्यायचं तर पासपोर्ट घेऊन स्वतः गावी यावं लागणार.