‘हे मुलींचं असतं!’ : बालवाडी ते दुसरीच्या वर्गात लिंगभेदाचे साचे कसे बनतात आणि ते सैल कसे करायचे

‘भाजी चिरणं मुलींचं काम असतं,’ असं चार वर्षांचं मूल ठणकावून सांगतं. त्याला हे कुणी शिकवायला बसलेलं नसतं. दोन-अडीच वर्षांच्या सुमारास मूल स्वतःला मुलगा किंवा मुलगी म्हणू लागतं आणि मग दिसेल ती गोष्ट दोन कप्प्यांत टाकायला लागतं, एक ‘माझ्यासारख्यांची’ आणि दुसरा ‘त्यांची’. मानसशास्त्रज्ञ कॅरोल मार्टिन आणि चार्ल्स हॅल्व्हरसन यांनी 1981 मध्ये ही प्रक्रिया मांडली. कप्पे मूल स्वतः करतं. पण कुठला फरक महत्त्वाचा, हे त्याला कळतं मोठ्यांच्या वागण्यातून. मोठी माणसं दिवसातून वीस वेळा मुलगा-मुलगी असा भेद वापरत असतील, तर तोच सगळ्यात मोठा फरक असणार, असा मूल सरळ हिशेब करतं. शिक्षकांच्या हातात हीच जागा आहे.

भाषेचाही यात वाटा असतो. 1982 च्या एका अभ्यासात हिब्रू, इंग्रजी आणि फिनिश बोलणाऱ्या बाळांची तुलना केली होती. पावलोपावली लिंग दाखवणाऱ्या हिब्रूतल्या मुलांना आपण मुलगा की मुलगी हे सगळ्यांत लवकर कळलं. आपल्याकडेही ‘मी जातो’ की ‘मी जाते’ हे ठरवल्याशिवाय मुलाला साधं वाक्य बोलता येत नाही. ते बदलायची गरज नाही, पण भेदाचं हे भान मुलाला भाषेतून आयतं मिळतं हे लक्षात ठेवावं.

आधी आठवडाभर मोजा

एक वही घ्या. रोज 20 मिनिटं, असे पाच दिवस. नोंद स्वतः करू नका, मदतनीस ताईंना किंवा शेजारच्या वर्गाच्या शिक्षकांना करायला सांगा, कारण बोलणाऱ्याला आपलं बोलणं ऐकू येत नाही. रकाने चार: रांग आणि बसण्याची जागा, कामं (सतरंजी उचलायला कोण, पाहुण्यांना फूल द्यायला कोण), कौतुक, रागावणं. वाक्य जसंच्या तसं लिहायचं.

रडण्याची नोंद नीट बघा. 1976 मध्ये जॉन आणि सँड्रा काँड्री यांनी एकाच बाळाची चित्रफीत मोठ्यांना दाखवली. खेळण्याला बिचकून बाळ रडतं तेव्हा, मुलगा आहे असं सांगितलेल्यांना त्यात राग दिसला आणि मुलगी आहे असं सांगितलेल्यांना भीती. आपल्या वर्गात हेच ‘तो चिडलाय’ आणि ‘ती घाबरली’ किंवा ‘रुसली’ या शब्दांत येतं. वहीत शेजारी-शेजारी उतरलं की लगेच डोळ्यांत भरतं.

रांगा बदला

सगळ्यांत मोठा फरक इथे पडतो. मानसशास्त्रज्ञ रिबेका बिगलर यांनी उन्हाळी शाळेतल्या मुलांना निळे आणि पिवळे टी-शर्ट दिले. काही वर्गांत शिक्षकांनी रंगाप्रमाणे रांगा लावल्या, रंगाने हाका मारल्या. बाकीच्या वर्गांत टी-शर्ट तेच होते, पण शिक्षकांनी रंगाचा उल्लेखच केला नाही. काही आठवड्यांनी पहिल्या वर्गांतल्या मुलांना आपला रंग सरस वाटू लागला होता, दुसऱ्या वर्गांत तसं झालं नाही. नुसता रंग दिसून साचा बनला नाही. शिक्षकांनी तो कामाला लावला, तेव्हा बनला.

म्हणून रांग हजेरी क्रमांकाने लावा, जन्ममहिन्याने लावा, ‘आज डब्यात भाकरी कुणाच्या?’ असं विचारून लावा. गट चार-पाच जणांचे करा आणि दर आठवड्याला मोडा. एकच गट महिनोन् महिने ठेवला तर त्याचाच नवा अभिमान तयार होतो. मुलगे-मुलींचे आकडे वेगळे लागत असतील तर ते कागदावर भरा, मोठ्याने मोजू नका.

हाक मारताना मराठी तुमच्या बाजूने आहे. ‘मुलांनो’ हे ‘मूल’ या नपुंसकलिंगी शब्दापासून आलेलं आहे, त्यात सगळी लेकरं येतात. ‘मुलं आणि मुली’ असं म्हणत राहिलो की ‘मुलं’ हा सगळ्यांचा शब्द मुलग्यांच्या ताब्यात जातो. वेगळं सांगायचंच असेल तेव्हा ‘मुलगे’ म्हणा.

वाक्य एका मुलाबद्दल, एका कृतीबद्दल

‘मुली नीटनेटक्या असतात’ हे कौतुक असलं तरी कप्पाच आहे. त्याऐवजी ‘सानिका, सगळी अक्षरं रेषेवर बसली’. ‘मुलगे रडत नाहीत’ ऐवजी ‘गुडघ्याला लागलंय, दुखणारच’.

हेतू चांगला असूनही फसणारं एक वाक्य आहे: ‘मुलींनाही गणित जमतं.’ त्यातला ‘ही’ घात करतो. मुलग्यांना जमतं हे गृहीत, मुलींचं सिद्ध करायचं. ‘मुली मुलग्यांइतक्याच हुशार’ म्हटलं तरी मोजपट्टी मुलगेच राहतात. ऐकणाऱ्याला मुलगे मुळात वरचढ वाटतात, हे प्रयोगातही दिसलं आहे. पहिलीचं वर्ष यासाठी नाजूक असतं. 2017 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात पाच वर्षांच्या मुली आणि मुलगे आपापल्या गटाला सारखंच ‘खूप खूप हुशार’ म्हणत होते. सहाव्या वर्षापासून मुली मागे हटू लागल्या.

चित्रं दाखवा, आठवड्याने पुन्हा विचारा

सहा चित्रं घ्या. दोन-तीन नेहमीच्या समजाविरुद्धची असावीत: मुलगा भाजी चिरतोय, मुलगी करवत चालवतेय. प्रत्येक मुलाकडून चित्रात काय चाललंय ते मोठ्याने वदवून घ्या. आठवड्यानंतर चित्र न दाखवता विचारा, ‘भाजी कोण चिरत होतं?’ बरीच मुलं ‘मुलगी’ म्हणतील. मार्टिन आणि हॅल्व्हरसन यांना 1983 मध्ये पाच-सहा वर्षांच्या मुलांत हेच आढळलं. साच्यात न बसणारं चित्र आठवणीत दुरुस्त होऊन जातं. मूल खोटं बोलत नसतं, म्हणून रागावू नका. चित्र पुन्हा काढून हातात द्या. एकदा दाखवून सोडून दिलं की उपक्रम वाया जातो, तो इथेच.

एकच थोर उदाहरण देण्याचीही चूक होते. साताऱ्याच्या सुरेखा यादव यांनी मार्च 2023 मध्ये सोलापूरहून मुंबईपर्यंत वंदे भारत चालवत नेली. ती गोष्ट सांगायलाच हवी. पण एकटं उदाहरण मूल ‘त्या वेगळ्याच’ म्हणून बाजूला ठेवतं आणि कप्पा शाबूत राहतो. जोडीला साधी, रोजची, पुष्कळ माणसं लागतात: एसटीतल्या कंडक्टर बाई, पोळ्या लाटणारे बाबा. ‘पोलीसकाका’, ‘ड्रायव्हरकाका’, ‘स्वयंपाकाच्या मावशी’ या शब्दांत नात्याबरोबर लिंगही चिकटून येतं, म्हणून गोष्ट सांगताना कधी ‘पोलीस आल्या’ म्हणा. बालभारतीने 2019 च्या दुसरीच्या पुस्तकात आईवडील मिळून भाजी निवडतानाचं चित्र दिलं होतं. तशा चित्रावर पाच मिनिटं थांबावं.

मुलांना उत्तर तयार हवं

‘तू मुलगी आहेस, तू नाही खेळायचं’ असं ऐकल्यावर मूल गप्प होतं, कारण त्याच्याकडे वाक्य नसतं. आठवड्यातून एकदा, दहा मिनिटं नाटुकलं करा. एकाने टोकायचं, दुसऱ्याने म्हणायचं, ‘असं काही नसतं. मीपण खेळणार.’ नुसत्या गोष्टी ऐकण्यापेक्षा स्वतः म्हणून सराव केलेल्या मुलांना प्रत्यक्ष प्रसंगात बोलणं जास्त जमतं.

काय करू नये

भातुकली बंद करू नका, मुलग्याच्या हातात बाहुली कोंबू नका. पाच-सहा वर्षांत हे नियम सगळ्यांत कडक होतात आणि पुढे बहुतेकांत आपोआप थोडे ढिले पडतात. त्या वयात गुलाबी फ्रॉकचा हट्ट म्हणजे तुमचं काम फसलं असं नाही. भातुकली ठोकळ्यांच्या शेजारी मांडा, दोन्हीतली भांडी-गाड्या एकमेकांत मिसळू द्या.

पालकसभेत भाषण नको, आकडा सांगा. 2019 च्या देशव्यापी वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायका त्यासाठी रोज 299 मिनिटं देत होत्या, पुरुष 97. मग एकच मागणी करा: घरातलं एक काम बाबांनी रोज, मुलासमोर करावं.

सहा आठवड्यांनी तीच वही, तेच पाच दिवस, नोंद करणारी व्यक्तीही तीच. रांगेचा रकाना लवकर रिकामा होतो. रागावण्याचा सगळ्यांत शेवटी, कारण ती वाक्यं घाईत, विचार न करता निघतात. त्या रकान्यातली तीन वाक्यं निवडा, प्रत्येकापुढे पर्यायी वाक्य लिहा आणि तो कागद फळ्याशेजारी, स्वतःला दिसेल असा चिकटवा.