ओपनिंग शिकायचंय? एकच डाव नीट उकला

बुद्धिबळात ओपनिंगसाठी, म्हणजे डावाच्या सुरुवातीसाठी, वीस-वीस चाली पाठ करा, असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. समोरच्याने सहाव्या चालीला वाट बदलली की पाठांतर तिथेच संपतं. त्यापेक्षा स्पर्धेतला एक डाव घ्या. मी कापाब्लांका विरुद्ध मार्शल, न्यूयॉर्क १९१८ हा सुचवेन. रुय लोपेझ या ओपनिंगमधल्या मार्शल अटॅकचा (काळा प्यादं देऊन हल्ला करतो तो) हा सर्वांत गाजलेला डाव.

पट खरा मांडा, इंजिन (चाली सुचवणारा संगणक प्रोग्रॅम) बंद ठेवा. पहिल्या सात चाली सलग खेळून टाका.

आठव्या चालीला पांढरा (कापाब्लांका) प्यादं सी३ या घरात नेतो, काळा (मार्शल) प्यादं डी५वर. इथे थांबा. काळ्याने ई५चं प्यादं सोडून दिलंय. मोबदल्यात त्याला काय मिळालं? बाराव्या चालीपर्यंत जा आणि पांढऱ्याची वजिराकडची मोहरी बघा: हत्ती, घोडा, उंट, तिन्ही अजून मूळ घरातच. हे वहीत लिहा.

खरा कस सोळाव्या चालीला. काळ्याच्या घोड्याने नुकतंच एफ२चं प्यादं मारलंय आणि वजिराने तो घोडा फुकट मिळेल असं दिसतं. कापाब्लांकाने तो घेतला नाही, हत्ती ई२वर नेला. का, ते सापडेपर्यंत पुढे जायचं नाही. माझा सगळ्यात जास्त वेळ इथेच गेला, आणि बहुतेक जण इंजिन लावतात तेही इथेच. कृपा करून लावू नका.

समजा वजिराने घोडा मारला. काळ्याने लगेच उंट जी३वर नेऊन वजिरावर रोखला, तर काळाच हरतो! वजीर एफ७वर शह देतो, हत्ती त्याला मारतो, आणि पांढऱ्याचा हत्ती ई८वर जाऊन मात. बी३च्या उंटाने एफ७चा हत्ती जखडलेला असतो, तो मागे येऊच शकत नाही. म्हणून आधी उंटाने एच२वर शह. राजाला वजिराची पाठराखण सोडता येत नाही, तो एफ१वर जातो. आता उंट जी३वर. या वेळी वजिराने एफ७ मारलं, तर काळ्याचा हत्ती शह देतच त्याला मारतो आणि ई८ची मात उरत नाही. हा क्रम हाताने दहा वेळा पटावर खेळा. चालींचा क्रम समजणं म्हणजेच ओपनिंग समजणं, असं माझं ठाम मत आहे.

उरलेला डाव एकदा बघितला तरी पुरे. ३६व्या चालीला कापाब्लांका जिंकला.

शेवटी अकराव्या चालीकडे परत या. मार्शलने घोडा एफ६वर मागे घेतला. आज बहुतेक खेळाडू तिथे प्यादं सी६वर नेतात आणि घोडा डी५वरच भक्कम ठेवतात. या बदलाचं कारण आधी स्वतः लिहा, मगच इंजिन उघडून ताडून बघा.