एसटी भाड्याची छोटी एपीआय बनवताय? या चुका टाळा

अंतर द्या, वय द्या, भाडं घ्या, एवढंच तर आहे असं वाटतं आणि संध्याकाळभरात फ्लास्क किंवा नोड (सर्व्हर बनवायची साधनं) वापरून एपीआय, म्हणजे दुसऱ्या ॲपने माहिती पाठवली की उत्तर देणारा प्रोग्राम, उभी पण राहते. गंमत अशी की भाडं चुकलं तरी एरर काही येत नाही, सर्व्हर छान २०० ('सगळं ठीक' असा कोड) देतो आणि आकडा चुकीचा.

सगळ्यात जास्त घोळ सवलतींचा. महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धं, ७५ च्या पुढे फुकट, ५ ते १२ च्या मुलांना हाफ. आता ६८ वर्षांच्या आजी आल्या की कोड दोन इफ (अटी) मधून जातो, एक महिलांची आणि एक ज्येष्ठांची, आणि अर्ध्याचं पाव करतो, किंवा ५० अधिक ५० करून थेट शून्य! सवलती एकावर एक चढवायच्या नाहीत, लागू होणाऱ्या सगळ्या काढा आणि त्यातली सगळ्यात मोठी एकच लावा. आणि ही महिलांची सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच, म्हणजे कोल्हापूर-बेळगाव असेल तर हद्दीपर्यंतचा आणि पुढचा टप्पा वेगळा मोजावाच लागतो, नुसतं टोटल किलोमीटर घेऊन भागत नाही. टेस्ट लिहिताना ३० वर्षांचा पुरुष सगळेच घेतात, खरी मजा ५, १२, ६५, ७५ या वयांना, तिथे एक दिवस आधी आणि एक दिवस नंतर असं दोन्ही तपासा.

दुसरं, दर कोडमध्ये लिहू नका. २५ जानेवारी २०२५ ला भाडं १४.९५ टक्के वाढलं, तेव्हा ज्याने दर टेबलमध्ये 'या तारखेपासून' कॉलमसकट ठेवला त्याला फक्त एक ओळ टाकायची होती. पण इथेच एक खाच आहे, क्लाउडवरचा सर्व्हर बहुतेक वेळा यूटीसीवर (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेली जागतिक वेळ) चालतो, त्यामुळे आपल्याकडे रात्री १२ वाजून तारीख बदलली तरी पहाटे साडेपाचपर्यंत सर्व्हर कालच्याच तारखेत असतो आणि जुना दर देत बसतो 😅 टाइमझोन आशिया/कोलकाता असा स्पष्ट द्या.

पैसे फ्लोटमध्ये (दशांश आकडे, जे कॉम्प्युटर अंदाजे साठवतो) नको. १०० रुपयांच्या भाड्याला १.१५ ने गुणलं की ११४.९९९९ असं काहीतरी येतं, त्याला इंटिजर (पूर्णांक) केलं की ११४, गेला एक रुपया. सगळं रुपयांऐवजी पैशांत, पूर्णांकात ठेवा (पेमेंट गेटवे पण बरेचदा पैशातच मागतात). राऊंडिंग एकाच जागी, तेही सर्व्हरवर, कारण २.५ चं राऊंड सर्व्हरवरचं पायथन २ करतं आणि ब्राउझरमधलं जावास्क्रिप्ट ३, मग स्क्रीनवर एक आणि बिलावर दुसरंच.

लॅपटॉपवर चालतं, डॉकरमध्ये (ॲप वेगळ्या बंद डब्यात चालवणारं साधन) टाकलं की उघडत नाही? बहुतेक वेळा ॲप लोकलहोस्टला बांधलेलं असतं, म्हणजे फक्त त्या डब्याच्या आतूनच दिसतं, तो पत्ता ०.०.०.० करा म्हणजे बाहेरूनही उघडेल.

आणि लॉगमध्ये (सर्व्हरच्या नोंदवहीत) नुसतं उत्तर नको, आलेला इनपुट, लागलेली सवलत आणि दराची तारीख पण टाका, नाहीतर 'मला जास्त पैसे लागले' असा मेल आल्यावर शोधायचं कुठे?