आधी अंदाज लिहा, मग कोड

नव्या सॉफ्टवेअर टीममध्ये रुजू झालात की "करून बघू या" हे वाक्य सतत कानावर पडेल. ऐकायला छानच वाटतं. पण करून बघितल्यावर नेमकं काय कळलं, असं विचारलं तर बऱ्याचदा कुणालाच धड सांगता येत नाही. म्हणून नवख्यांना मी एकच सवय आग्रहाने सांगते: प्रयोगाला हात घालण्याआधी आपला अंदाज लिहून ठेवा.

आमच्या टीममध्ये एकदा शोधाचं पान फार हळू उघडत होतं. कॅश लावायची, म्हणजे एकदा आणलेली माहिती साठवून पुन्हा तीच वापरायची, असं सगळ्यांचं जवळजवळ ठरलंच होतं. ते काम घेतलेल्या नव्या मुलीने तिकिटात, म्हणजे त्या कामाच्या नोंदीत, तीन ओळी लिहिल्या. "वेळ डेटाबेसच्या क्वेरीत जातोय असं वाटतं. कॅश लावल्यावर पान निम्म्या वेळात उघडायला हवं. नाही उघडलं तर कॅश काढून प्रोफायलर लावेन." कॅश लावली, पण फरक नावापुरताच पडला. मग प्रोफायलर, म्हणजे कोडचा वेळ कुठे जातो ते दाखवणारं साधन, लावल्यावर खरी गोष्ट दिसली. प्रत्येक निकालासाठी आपला सर्व्हर दुसऱ्या एका सर्व्हिसला वेगळी विनंती पाठवत होता, आणि त्याही एकामागून एक. सगळ्यांची मिळून एकच विनंती केली आणि पान झटकन उघडायला लागलं.

यात मला सगळ्यात मोलाची वाटते ती तिसरी ओळ. ती नसती तर "थोडं फास्ट वाटतंय" म्हणत कॅश तशीच राहिली असती आणि पुढे कधीतरी जुना डेटा का दिसतोय हे शोधण्यात कुणाचे तरी दिवस गेले असते. शिवाय कॅश सुचवणारे सिनियर होते. पण निकष आधीच लिहिलेला असल्यामुळे ती काढताना कुणाचा मान राखण्याचा प्रश्नच आला नाही.

अंदाज चुकण्याची धास्ती वाटत असेल तर हे लक्षात घ्या: मायक्रोसॉफ्टमध्ये ऑनलाइन प्रयोगांचं काम उभं करणाऱ्या रॉनी कोहावी यांनी नोंदवलंय की तिथे तपासलेल्या कल्पनांपैकी साधारण एक तृतीयांश कल्पनांनीच अपेक्षित आकडा सुधारला. उलटही घडतं. मायक्रोसॉफ्टच्या बिंग या सर्च इंजिनवर जाहिरातींची शीर्षकं जरा वेगळी मांडण्याची एक किरकोळ वाटणारी कल्पना कित्येक महिने मागे पडून होती. 2012 मध्ये एका इंजिनियरने तिची ए/बी टेस्ट लावली, म्हणजे काही लोकांना जुनी आणि काहींना नवी मांडणी दाखवून तुलना केली, आणि उत्पन्न 12 टक्क्यांनी वाढलं. त्यामुळे कुठली कल्पना चालेल हे मीटिंगमध्ये ठरवण्यात फार वेळ घालवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

नवं तंत्र जमेल का एवढंच पाहायचं असेल तर स्पाइक करा. ही एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग या सॉफ्टवेअर बनवण्याच्या शैलीतून आलेली पद्धत: वेळ ठरवून घ्यायचा, एका प्रश्नाचं उत्तर मिळवायचं आणि कोड टाकून द्यायचा. "चालतंय ना, मग मुख्य कोडमध्ये मर्ज करून टाक" असं कुणी म्हटलं तरी करू नका. त्या कोडला ना टेस्ट असतात, ना एरर हँडलिंग.

प्रयोग संपला की आवराआवर करणं हाही त्याचाच भाग आहे. फीचर फ्लॅग (कोडचा एखादा भाग चालू-बंद करणारा स्विच), जुनी ब्रांच (कोडची वेगळी प्रत), तात्पुरतं कॉन्फिग, सगळं काढा. 1 ऑगस्ट 2012 रोजी नाइट कॅपिटल या अमेरिकी शेअर ट्रेडिंग कंपनीने एक जुना फ्लॅग नव्या कामासाठी वापरला. 8 पैकी एका सर्व्हरवर नवा कोड पोहोचलाच नव्हता. तिथे त्याच फ्लॅगने वर्षानुवर्षं पडून राहिलेला कोड जागा झाला आणि सुमारे 45 मिनिटांत कंपनीचं 44 कोटी डॉलरहून जास्त नुकसान झालं. फ्लॅग टाकतानाच तो काढण्याचं तिकीट तयार करा, नंतर ते कुणालाच आठवत नाही.

अर्थात, हे सगळं जमायला टीमही तशी हवी. इंटरव्ह्यूच्या शेवटी "काही विचारायचंय का?" असं म्हणतात, तेव्हा विचारा: "अलीकडे तुम्ही कुठला प्रयोग बंद केलात, आणि का?" समोरचा उत्साहाने तपशील सांगू लागला, तर तिथे शिकायला मिळेल. "आमचे प्रयोग सहसा यशस्वीच होतात" असं उत्तर आलं, तर ते यश मोजतात कसं, हा तुमचा पुढचा प्रश्न.