हीटसिंकला हात लावून बघा

सांगलीत कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात लागलो तेव्हा प्रोसेसर तापतोय म्हटलं की मी डोळे झाकून नवी पेस्ट लावायचो. ही पेस्ट प्रोसेसरची उष्णता त्याच्यावर बसवलेल्या हीटसिंकला, म्हणजे धातूच्या पट्ट्यांच्या ठोकळ्याला, पोचवते. बरीच मशिनं आठवड्याभरात परत यायची. या लाइनीत नव्याने येणाऱ्या मुलांचा असा वेळ वाया जाऊ नये, म्हणून हे लिहितोय.

स्क्रीनवर ९७ अंश दिसले की लगेच पेचकस उचलू नका. आकडा चढतो कसा, ते आधी बघा. लोड, म्हणजे जड काम, टाकल्याबरोबर दोन-तीन सेकंदांत ४५ वरून ९५ वर गेला, तर उष्णता हीटसिंकपर्यंत पोचतच नाही. दहा-पंधरा मिनिटं घेत सावकाश चढला, तर हीटसिंक तापतोय, पण तिथली गरम हवा बाहेर जात नाही. मग पंख्याची पाती सांभाळून हीटसिंकच्या बुडाला बोट लावा. आकडा ९५ आणि बूड कोमट असेल तर दोष मधल्या थरात आहे: पेस्ट वाळलेली, कूलर (हीटसिंक आणि पंखा मिळून) नीट न टेकलेला, किंवा नव्या कूलरखालची प्लॅस्टिकची फिल्म काढायचीच राहिलेली.

मी जोडलेल्या एका मशिनचं असंच झालं होतं. इंटेलच्या बॉक्ससोबत येणारा चार पिनांचा कूलर मीच बसवला होता. दोनदा पेस्ट बदलली, फरक शून्य. शेवटी बोर्ड बाहेर काढून उलटा धरला. तीन पिनांची पांढरी टोकं फाकून पक्की बसली होती, चौथीचं टोक नुसतंच भोकात टेकलं होतं. त्या कोपऱ्यात कूलर केसभर उचललेला. तिरप्या समोरासमोरच्या पिना जोडीने दाबा, प्रत्येकीचा ‘टक्’ आवाज ऐका आणि बोर्डाची मागची बाजू बघितल्याशिवाय केस बंद करू नका.

दुसरं प्रकरण मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानातलं. अडते म्हणाले, “अहो, सकाळी चांगला चालतो, दुपारी दोनला आपोआप बंद पडतो बघा.” हळदीचा सीझन, वर पत्रा, त्यात एप्रिल. झाकण काढलं तर पंखा व्यवस्थित फिरत होता. पंखा उतरवल्यावर खाली हीटसिंकच्या पट्ट्यांमध्ये पिवळा गालिचा दिसला, नखाने सोलून निघेल इतका घट्ट. वरवर ब्लोअर मारून तो निघत नाही. पंखा काढूनच साफ करा, आणि जागेवर ब्लोअर मारावाच लागला तर पाती बोटाने धरून ठेवा. हवेच्या जोराने पंखा भलत्या वेगात फिरला तर बेअरिंग जातं. लॅपटॉपमध्येही हेच होतं, तिथे पंखा आणि जाळी यांच्या मध्ये धुळीचा बोळा अडकतो.

कधी आकडाच फसवा असतो. एएमडी कंपनीचे २०१७ चे रायझन १७०० एक्स आणि १८०० एक्स आपलं तापमान २० अंशांनी वाढवून कळवतात. पंख्याचा वेग सगळ्या मॉडेलांवर एकाच हिशोबाने ठरावा म्हणून कंपनीनेच तशी सोय केली होती. सॉफ्टवेअर जुनं असेल तर ते २० वजा होत नाहीत. म्हणून दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आणि बायोसमध्ये (मशिन सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगमध्ये) पडताळून घ्या. रायझन ७००० मालिकेतले ७९५० एक्स सारखे प्रोसेसर तर पूर्ण लोडवर ९५ ला जाऊन तिथेच टिकतील असे बनवलेत, त्यांना बिघाड समजून खोलत बसू नका. इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरांची मर्यादा १०० च्या आसपास असते. तिथे पोचले की ते स्वतःचा वेग कमी करतात, तरी भागलं नाही तर मशिन बंद होतं.

काम काही चालू नसताना आकडा चढलेला असेल तर टास्क मॅनेजर उघडा. मागे एखादा प्रोग्रॅम किंवा व्हायरस प्रोसेसर राबवत असतो. बायोसमध्ये कुणी व्होल्टेज वाढवून ठेवलंय का, तेही एकदा बघून घ्या.

आणि खोली विसरू नका. २६ अंशांच्या एसी दुकानात ७५ दाखवणारं मशिन ३९ अंशांच्या पत्र्याखाली ८८ च्या आसपास जाणारच. अडत्यांचं मशिन साफ केल्यावर मी ते टेबलाच्या बंद कप्प्यातून बाहेर काढलं, भिंतीपासून वीतभर पुढे ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी मुद्दाम दुपारी दोनलाच आकडा बघायला गेलो. सौदे चालू होते, पत्रा तापलेला होता आणि आकडा ७१ होता.