गिझरची नळजोडणी बदलताना गंज कसा टाळावा

साठवणीच्या गिझरखाली पाणी ठिबकू लागले की टाकी फुटली असे समजून नव्या गिझरची चौकशी सुरू होते. प्रत्यक्षात पुष्कळदा टाकी शाबूत असते आणि पाणी निपल (आटे असलेला नळाचा लहान तुकडा), एल्बो (काटकोनी जोड) किंवा कनेक्शन पाईपच्या सांध्यातून झिरपत असते. हे भाग घरच्या घरी बदलता येतात. मात्र नवे भाग कोणत्या धातूचे घेतले, यावर ते किती काळ टिकतील हे ठरते.

जुन्या इमारतींमध्ये नेहमी दिसणारी जोडणी म्हणजे जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाच्या निपलवर थेट फिरवलेला पितळी एल्बो. दोन वेगळे धातू पाण्यात एकमेकांना टेकले की त्यांचा लहानसा विद्युतघट तयार होतो. त्यात पितळ सुरक्षित राहते आणि लोखंड झिजत जाते. पाणी जितके गरम तितकी ही क्रिया वेगवान, म्हणून गरम पाण्याच्या बाजूचा सांधा सहसा आधी जातो. जीआयवरचा जस्ताचा मुलामा थंड पाण्यात लोखंडाला वाचवतो, परंतु साधारण ६० अंश सेल्सियसच्या पुढे त्याचे हे संरक्षण बेभरवशाचे होते. त्यामुळे गिझरच्या बाहेर जाणाऱ्या बाजूला जीआयचा तुकडा वापरूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पाण्याचाही यात वाटा आहे. ठाणे, नवी मुंबईला पाणी पुरवणाऱ्या भातसा किंवा मोरबेसारख्या धरणांत साठलेले पावसाचे पाणी मृदू असल्याने नळाच्या आत क्षारांचा संरक्षक थर फारसा धरत नाही. ठाण्यातील घोडबंदर रस्त्याच्या परिसरात टँकरवर अवलंबून असणाऱ्या सोसायट्यांत बोअरवेलचे पाणी आले, तर क्षार आणि क्लोराईड दोन्ही वाढतात. वाशी, ऐरोली, कोपरी अशा खाडीलगतच्या भागांत दमट, खारट हवा सांध्यांना बाहेरूनही खाते.

कामाला लागण्यापूर्वी गिझरचा एमसीबी (वीज तोडणारा स्विच) बंद करावा, प्लग काढावा, पाणी थंड होऊ द्यावे, अँगल कॉक (गिझरला पाणी सोडणारी भिंतीवरची तोटी) बंद करून टाकी रिकामी करावी. जुना सांधा उघडताना मात्र घाई करू नये. टाकीतून बाहेर आलेला निपल एका पान्याने घट्ट धरून ठेवावा आणि दुसऱ्या पान्याने फक्त नट फिरवावा. एकाच पान्याने जोर लावला तर निपल मुळापासून पिळवटतो, टाकीच्या आतील काचेसारख्या लेपाला तडा जाऊ शकतो आणि तेथून टाकीच गंजू लागते; मग बाहेर कितीही उत्तम भाग बसवले तरी उपयोग नाही. काढलेल्या भागावर तांबूस डाग असतील तर लोखंड झिजले आहे, हिरवट असतील तर पितळ किंवा तांबे, आणि पांढरी खपली असेल तर बारीक गळती सुकून क्षार साचले आहेत, असे समजावे.

टाकीच्या निपलचे आटे पितळी ब्रशने साफ करून कोरडे पुसावेत. त्यावर शक्यतो डायइलेक्ट्रिक निपल, म्हणजे आतून प्लॅस्टिकचे अस्तर असलेला निपल लावावा. तो न मिळाल्यास वेणीच्या स्टेनलेस स्टील आवरणाचा लवचीक कनेक्शन पाईप घ्यावा, ज्याच्या आत रबरी नळी असते आणि तोंडाशी वायसर. केवळ टेफ्लॉन टेप गुंडाळल्याने धातू वेगळे होतात असे मानू नये, कारण आटे घट्ट होताना टेप चिरून धातू धातूला टेकतोच. टेपचे काम पाणी अडवण्याचे आहे. आट्याच्या टोकाकडून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, पहिला आटा मोकळा सोडून, पाच ते सात वेढे पुरेत. ज्या नटात वायसर आहे तेथे टेपची गरज नसते. भिंतीतील नळ सीपीव्हीसीचा (गरम पाणी सोसणाऱ्या प्लॅस्टिकचा) असेल तर पितळी आट्याचा अडॅप्टर वापरावा. त्याचे प्लॅस्टिक चिरू नये म्हणून जास्त जोर लावू नये.

टाकीतील जादा दाब बाहेर सोडणाऱ्या सेफ्टी व्हॉल्व्हचे तोंड कोणत्याही कारणाने बंद करू नये, तसेच गिझरचे अर्थिंग नळाला नव्हे, तर तीन पिनांच्या सॉकेटमधील अर्थलाच असावे.

जोडणी झाल्यावर गरम पाण्याचा नळ उघडून आतील हवा निघून एकसंध धार येईपर्यंत टाकी भरावी आणि त्यानंतरच वीज सुरू करावी. प्रत्येक सांधा कोरड्या कागदाने पुसून तासाभराने, तसेच पाणी एकदा पूर्ण तापल्यावर पुन्हा तपासावा.

न्हाणीघराच्या फरशीसाठी वापरले जाणारे ॲसिड स्टेनलेस स्टीलच्या वेणीवर उडू देऊ नये, त्याची वाफही ती पोखरते. गिझरमधील मॅग्नेशियमचा ॲनोड रॉड, म्हणजे टाकीऐवजी स्वतः झिजणारी कांडी, दर वर्षी तपासावा, टँकरचे पाणी असेल तर आणखी लवकर. रॉड झिजून आतली तार दिसू लागली की तो बदलावा, कारण त्यापुढे झिजायची पाळी टाकीवर येते. वॉरंटी चालू असल्यास हे काम कंपनीच्या तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावे.