कॅरव्हॅन ओढणाऱ्या गाडीचे टायर: आधी काटा, मग दुकान

टायरच्या दुकानात पाऊल टाकलं की पहिला प्रश्न येतो, "ताई, कुठली कंपनी दाखवू?" मी पर्समधून वजनकाट्याची पावती काढून काउंटरवर ठेवते. आमची गाडी फॉर्च्युनर फोर बाय फोर आहे आणि तिच्यामागे भरल्यावर साधारण 1,250 किलोची कॅरव्हॅन, म्हणजे ओढून न्यायचं चाकांवरचं घर, असते. मागच्या ॲक्सलवर प्रत्यक्षात किती भार येतो हे कळल्याशिवाय टायर निवडता येत नाही, असं माझं ठाम मत आहे. बाबांनी आयुष्यभर कळंबोलीहून ट्रक चालवला. कुणी टायरबद्दल विचारलं की ते आधी "माल किती भरतोस?" एवढंच विचारायचे. मी ते त्यांच्याकडूनच उचललं.

कॅरव्हॅनचं सगळं वजन गाडीवर येत नाही, ते तिच्या स्वतःच्या चाकांवर असतं. गाडीच्या हुकवर येतो तो तिच्या नाकाचा भार. तो कॅरव्हॅनच्या एकूण वजनाच्या साधारण 5 ते 10 टक्के ठेवतात. आमच्याकडे तो 100 किलो आहे. पण हुक मागच्या चाकांच्याही मागे सव्वा मीटरच्या आसपास असतो, त्यामुळे 100 किलोचे मागच्या ॲक्सलवर 100 राहत नाहीत. फॉर्च्युनरच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत 2,745 मिलिमीटर अंतर आहे. हुक 1,200 मिलिमीटर मागे धरला तर मागच्या ॲक्सलवर सुमारे 144 किलो वाढतात आणि पुढची चाकं 44 किलोंनी हलकी होतात. त्यात डिकीतलं सामान, पाण्याचे कॅन, मागच्या सीटवर बसलेली मुलं. याचा बराचसा भार मागच्या दोन टायरांवर येतो.

म्हणून निघायच्या तयारीत, सगळं भरून, कॅरव्हॅन जोडून काट्यावर जा. कळंबोलीच्या लोखंड बाजारात वजनकाटे आहेत आणि मुंबईहून कोकणात जाताना ते वाटेवरच पडतं. सकाळी लवकर गेलात तर ट्रकची रांग लागायच्या आत काम होतं. काटेवाल्याला आधी समजावून सांगा, म्हणजे तो घाई करत नाही. प्रथम फक्त पुढची चाकं काट्यावर चढवून वजन घ्या. मग गाडी पुढे घेऊन मागची चाकंही चढवा, पण कॅरव्हॅनची चाकं बाहेरच राहू द्या. दुसऱ्या आकड्यातून पहिला वजा केला की मागच्या ॲक्सलचा भार मिळतो. आमचा पहिला आकडा 1,150 आला, दुसरा 2,630. म्हणजे मागे 1,480 किलो, एका टायरवर 740. गाडीच्या कंपनीनं मागच्या ॲक्सलला जी मर्यादा दिली आहे तिच्या वर हा आकडा जात असेल तर टायर बदलून काहीही साधणार नाही, सामान कमी करावं लागेल.

आता टायरवरचे आकडे वाचू. आमच्या टायरवर 265/60 आर 18, 110 एच असं लिहिलेलं आहे. 265 ही मिलिमीटरमधली रुंदी, 60 म्हणजे रुंदीच्या किती टक्के बाजूची भिंत उंच आहे ते, आणि 18 हा इंचांतला रिमचा व्यास. 110 हा भाराचा निर्देशांक आहे, म्हणजे एका टायरची क्षमता 1,060 किलो. 112 असेल तर 1,120, 114 असेल तर 1,180, 116 असेल तर 1,250. एच म्हणजे ताशी 210 किलोमीटरपर्यंतचा वेग, एस म्हणजे 180. 740 किलोला 1,060 चा टायर पुरेसा दिसतो. पण ही क्षमता ठरलेल्या पूर्ण हवेलाच असते, हवा कमी तर क्षमताही कमी. शिवाय आंबा घाटाच्या वळणावर भार बाहेरच्या टायरवर सरकतो आणि खड्ड्यात आदळताना क्षणभर तो कितीतरी वाढतो. त्यामुळे मी गाडीच्या कंपनीनं दिलेल्या निर्देशांकाच्या खाली कधीच जात नाही, आणि त्याच साइझमध्ये एक्स एल, म्हणजे जास्त भाराचा टायर मिळत असेल तर तोच घेते. एक्स एलमध्ये जास्त हवा भरता येते आणि बाजूची भिंत कमी लवचते. कॅरव्हॅन मागून डोलायला लागते तेव्हा ही भिंत किती ताठ आहे याला फार महत्त्व असतं. बाजूने ट्रक जाऊन वाऱ्याचा झोत बसला की फरक स्टिअरिंगमध्ये लगेच जाणवतो.

एलटी म्हणजे लाइट ट्रकचे टायर घ्यायचा सल्लाही पुष्कळ जण देतात. त्याच साइझमध्ये 119/116 असा एलटी टायर येतो. पहिला आकडा एकेरी चाकासाठी, 1,360 किलो, आणि दुसरा मागे जोडचाकं असलेल्या गाड्यांसाठी. ऐकायला दणकट वाटतं. पण ते 1,360 किलो 80 पीएसआयच्या आसपास हवा भरल्यावरचे आहेत. नेहमीच्या 33-35 पीएसआयवर त्याची क्षमता खूप खाली येते. तेवढाच भार पेलायला एलटीला साध्या टायरपेक्षा जास्त हवा लागते, आणि मग रिकाम्या गाडीत घाटकोपर ते अंधेरी जाताना प्रत्येक पेव्हर ब्लॉक कमरेत बसतो. ज्यांची कॅरव्हॅन दोन टनांच्या पुढे आहे आणि जे खडकाळ रस्त्यावर वारंवार जातात, त्यांनी एलटीचा जरूर विचार करावा. आमच्या भाराला एक्स एल पुरतो.

मुंबईकरांसाठी आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये कॅरव्हॅन कुठे मावणार? आमची पेणला भावाच्या जागेत उभी असते. म्हणजे या टायरांचे बहुतेक किलोमीटर कॅरव्हॅनशिवाय, शहरातल्या ट्रॅफिकमध्ये आणि पावसात जातात. म्हणून मोठ्या गुठळ्यांचे मड टेरेन टायर मी कुणालाच सुचवत नाही. ओल्या सिमेंट रस्त्यावर त्यांची पकड कमी, आवाज जास्त, आणि ओझं मागे असताना ब्रेक लावायला लागणारं अंतर वाढलेलं परवडत नाही. फक्त हायवे आणि डांबरी रस्त्यावर जाणाऱ्यांनी एचटी, म्हणजे हायवे टेरेन टायर घ्यावेत. कोकणात शेवटचा टप्पा जांभ्याच्या कच्च्या वाटेनं जात असेल, तर सौम्य नक्षीचे एटी, म्हणजे ऑल टेरेन बरे. जांभ्याच्या कडा टायरची बाजू चिरतात, तिथे एटीची जाड भिंत उपयोगी पडते. नक्षीची खोली कायद्याने किमान 1.6 मिलिमीटर लागते, पण मी 3 मिलिमीटरला टायर बदलते. जुलैत पनवेलच्या पुढे पाण्याचे पाट वाहतात तेव्हा गोटा झालेला टायर पाण्यावर तरंगतो, आणि मागची कॅरव्हॅन त्याला ढकलत असते.

साइझ मात्र बदलू नका. 265/60 च्या जागी 265/65 बसवला की गाडी उंच आणि रुबाबदार दिसते. पण चाकाचा व्यास 775 वरून 802 मिलिमीटर होतो, साडेतीन टक्क्यांच्या आसपास वाढ. तेवढाच गिअर लांब होतो. घाटात ओझं ओढताना इंजिनाला जास्त जोर लागतो, ब्रेकवरचा ताणही वाढतो, आणि स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवू लागतो.

चारही टायर एकाच वेळी, एकाच नक्षीचे घ्या. पुढच्या-मागच्या टायरांच्या घेरात फरक असेल तर फोर बाय फोर लावल्यावर ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या भागावर, ताण येतो. परवडत असेल तर पाचवाही घ्या. कॅरव्हॅन जोडलेली असताना वेगळ्या साइझची स्टेपनी लावून घाट उतरणं धोक्याचं आहे.

खरेदीच्या वेळी टायरच्या बाजूवरचा चार आकडी कोड स्वतः वाचा. 1825 म्हणजे 2025 सालचा अठरावा आठवडा. पाचही टायरांचा कोड तपासा, कारण एकाच गठ्ठ्यात वेगवेगळ्या वर्षांचे टायर निघू शकतात. आयएसआय खूण बघा. जून 2020 पासून आयात टायरांवर सरकारी निर्बंध आहेत, त्यामुळे एखादी परदेशी नक्षी हवीच असेल तर ती मिळेल की नाही हे आधी फोन करून विचारा. 22 सप्टेंबर 2025 पासून टायरवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला आहे, तेव्हा कोटेशनमध्ये कुठला दर लावलाय ते पाहा. पक्कं बिल घ्या आणि त्यावर टायरांचे सीरियल नंबर लिहून घ्या, वॉरंटीला लागतात. अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग त्याच दिवशी करून घ्या. जुने व्हॉल्व्ह परत बसवू देऊ नका, नवे फार महाग नसतात.

हवा नेहमी थंड टायरमध्ये, सकाळी निघण्यापूर्वी मोजायची. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर पूर्ण भाराचा जो आकडा दिलाय, तिथून सुरुवात करा. मी स्वतःचा गेज ठेवते, पंपावरच्या यंत्रावर विसंबत नाही. तासाभर चालवून थांबलात की पुन्हा मोजा. गरम झाल्यावर हवा 4 ते 6 पीएसआय वाढली तर ठीक. त्याहून जास्त वाढली तर सुरुवातीची हवा कमी होती, टायर दबून तापतोय असं समजा, आणि पुढच्या वेळी थंडपणी 2 पीएसआय वाढवा. गरम टायरमधली हवा काढून आकडा खाली आणू नका, तसं केलं तर टायर आणखी तापतो. मे महिन्यात समृद्धीच्या सिमेंटवर दुपारी जाणार असाल तर हे पाळाच, आणि कॅरव्हॅन असताना वेग ताशी 80 च्या आत ठेवा.

कॅरव्हॅनच्या टायरांचं वेगळं असतं. ते फारसे झिजत नाहीत, उन्हात उभे राहून वाळतात. नक्षी नवी दिसली तरी बाजूला बारीक भेगा आहेत का ते पाहा. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्या. पेणला आम्ही चाकांवर जाड कापडी झाकणं घालतो आणि खाली फळ्या देतो.

नवे टायर बसवल्यावर पहिल्या 80-100 किलोमीटरनंतर चाकांचे नट टॉर्क रेंचनं पुन्हा आवळून घ्या. वाटेत थांबून करता येतं. घरून निघतानाच रेंच सीटखाली ठेवा, डिकीत सामानाच्या तळाशी गेला तर तो काढायला कुणी थांबत नाही.